सिडनी ते होबार्ट या वार्षिक नौकाशर्यतीचा इतिहास काय आहे, आणि १९९८ च्या दुर्घटनेनंतरही ती बंद का झाली नाही?

ही शर्यत मुळात शर्यत म्हणून ठरलेलीच नव्हती, आणि तिचा पुढचा इतिहास समजून घ्यायचा तर ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. १९४४ साली सिडनीमध्ये काही हौशी नौकाधारकांनी एक क्लब काढला, जो आज क्रूझिंग यॉट क्लब ऑफ ऑस्ट्रेलिया म्हणून ओळखला जातो. चुरशीपेक्षा निवांत सागरप्रवासाची आवड असणारी ही मंडळी होती. त्यांच्यापैकी पीटर ल्यूक आणि त्यांच्या काही मित्रांनी १९४५ च्या नाताळानंतर शिडाच्या नौकांनी टास्मानियातील होबार्टपर्यंत जाण्याचा बेत आखला. महायुद्ध नुकतेच संपले होते. त्या वेळी ब्रिटिश नौदलातील कॅप्टन जॉन इलिंगवर्थ कामानिमित्त सिडनीत होते आणि त्यांना मोठ्या पल्ल्याच्या शर्यतींचा चांगला अनुभव होता. या प्रवासात सामील होण्याचे निमंत्रण मिळाल्यावर त्यांनी सुचवले की जायचेच आहे तर त्याची शर्यतच का करू नये. ती सूचना मान्य झाली आणि २६ डिसेंबर १९४५ रोजी नऊ नौका सिडनी बंदरातून निघाल्या.

पहिल्याच रात्री त्यांना वादळाने गाठले. बहुतेकांनी शिडे उतरवून वादळ ओसरण्याची वाट पाहिली किंवा किनाऱ्याचा आसरा घेतला. इलिंगवर्थ यांची ‘रानी’ ही सुमारे ३५ फुटांची छोटी नौका मात्र शिडे आखडून पुढे जातच राहिली. शोधासाठी निघालेल्या हवाई दलाच्या विमानांना इतर काही नौका दिसल्या, पण ‘रानी’ कुठेच दिसेना, कारण ती इतकी पुढे निघून गेलेली असेल अशी कोणाची कल्पनाच नव्हती. ती बुडाली असावी अशी भीती व्यक्त होत असतानाच ती टास्मानियाच्या किनाऱ्याजवळ प्रकट झाली आणि ६ दिवस, १४ तास, २२ मिनिटांत होबार्टला पोहोचली. हँडिकॅपच्या, म्हणजे नौकेच्या आकारमानानुसार वेळ जुळवून घेण्याच्या, हिशेबातही तीच विजयी ठरली. ज्यांच्या मनात हा प्रवास पहिल्यांदा आला त्या ल्यूक यांच्या ‘वेफेअरर’ला ११ दिवस, ६ तास, २० मिनिटे लागली. शर्यत पूर्ण करणाऱ्या नौकेने घेतलेला हा सर्वाधिक वेळ असून तो विक्रम आजतागायत अबाधित आहे. मला या पहिल्या शर्यतीत पुढच्या साऱ्या इतिहासाची बीजे दिसतात: एकाच समुद्रात उतरलेले कसलेले आणि हौशी खलाशी, पहिल्याच रात्रीचे वादळ, आणि थांबायचे की पुढे जायचे हा प्रत्येक नौकेने आपल्यापुरता सोडवायचा प्रश्न.

हा प्रश्न दरवर्षी का उभा राहतो, हे मार्ग पाहिल्यावर कळते. एकूण अंतर ६२८ सागरी मैल, म्हणजे सुमारे ११६३ किलोमीटर आहे. सिडनी बंदराच्या तोंडातून बाहेर पडल्यावर नौका न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे निघतात. येथे पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह त्यांच्याच दिशेने वाहत असतो आणि अनुभवी नाविक या फुकटच्या वेगासाठी मुद्दाम किनाऱ्यापासून लांब जातात. मात्र उन्हाळ्याच्या या दिवसांत वारा अचानक फिरून दक्षिणेकडून जोरात येऊ लागतो. पाणी दक्षिणेकडे आणि वारा उत्तरेकडे अशी गाठ पडली की लाटा उंच होतातच, शिवाय त्या एकमेकींच्या जवळ येऊन त्यांचे चढ उभे होतात. अशा लाटेच्या माथ्यावरून नौका पलीकडे जाते तेव्हा खाली तिला झेलायला पाणीच नसते. ती सरळ खोलगटात आपटते, आणि हे तासन्‌तास चालते. त्यापुढे बासची सामुद्रधुनी लागते. तिची सरासरी खोली साठ मीटरच्या आसपास असल्याने दक्षिण महासागरातून आलेल्या लाटा तेथे आणखी खवळतात. ती ओलांडल्यावर टास्मानियाचा पूर्व किनारा, मग टास्मान बेटाचे उंच कडे आणि नावाला जागणारा स्टॉर्म बे पार करावा लागतो. शेवटी आयर्न पॉट दीपगृहापासून डर्वेंट नदीतून होबार्टपर्यंत सुमारे अकरा मैल उरतात. तेथे रात्री वारा पडतो. अडीच-तीन दिवस आघाडीवर असलेली नौका डोळ्यांसमोर शहराचे दिवे दिसत असताना तासन्‌तास जागीच तरंगत राहते आणि पहाटेच्या वाऱ्याबरोबर मागून आलेली नौका तिचे सगळे गणित बिघडवते.

बातम्यांमध्ये होबार्टला सर्वांत आधी पोहोचणाऱ्या नौकेचे छायाचित्र झळकते. तिला ‘लाईन ऑनर्स’ मिळतात आणि इलिंगवर्थ यांच्या नावाचा चषकही मिळतो. परंतु जाणकारांच्या दृष्टीने शर्यतीचा खरा मान टॅटरसॉल चषकाला आहे आणि तो हँडिकॅपवर ठरतो. प्रत्येक नौकेची लांबी, वजन, शिडांचे क्षेत्रफळ वगैरे पाहून तिला एक गुणक दिला जातो आणि प्रत्यक्ष लागलेल्या वेळेला त्याने गुणले जाते. समजा, एका मोठ्या नौकेला ४८ तास लागले व तिचा गुणक १.८ आहे, तर तिचा हिशेबी वेळ ८६.४ तास होतो. दुसऱ्या लहान नौकेला ८५ तास लागले व तिचा गुणक १ आहे, तर दीड दिवस उशिरा येऊनही तीच जिंकते. त्यामुळेच ‘लव्ह अँड वॉर’ ही लाकडी नौका १९७४ आणि १९७८ मध्ये जिंकल्यानंतर थेट २००६ मध्ये, आधुनिक कार्बन फायबरच्या नौकांच्या गर्दीत, तिसऱ्यांदा जिंकू शकली. माझ्या मते ही पद्धत नसती तर शर्यत कधीच मूठभर धनिकांपुरती उरली असती.

शर्यतीचे स्वरूप फार लवकर व्यापक झाले. दुसऱ्याच वर्षी, १९४६ मध्ये, दोन स्त्रिया त्यात उतरल्या. त्यांपैकी जेन टेट यांनी ती पूर्ण केली आणि पुढे सर्वप्रथम पोहोचणाऱ्या महिला कप्तानाला द्यायच्या चषकाला त्यांचे नाव देण्यात आले. १९६३ ते १९६५ या सलग तीन वर्षी हॅल्व्हॉर्सन बंधूंची ‘फ्रेया’ हँडिकॅपवर विजयी झाली. सलग तीन विजय दुसऱ्या कोणत्याही नौकेला साधलेले नाहीत. १९६७ मध्ये फ्रान्सच्या एरिक ताबार्ली यांची ‘पेन ड्यूक ३’ सर्वांत आधी पोहोचली, तर हँडिकॅपवर न्यूझीलंडची ‘रेनबो २’ जिंकली, आणि शर्यत खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय झाल्याचे स्पष्ट झाले. १९६९ चा विजेता तर राजकारणातला होता. ‘मॉर्निंग क्लाउड’चे एडवर्ड हीथ पुढच्याच वर्षी ब्रिटनचे पंतप्रधान झाले. अमेरिकेच्या ‘कियालोआ ३’ने १९७५ मध्ये केलेला २ दिवस, १४ तास, ३६ मिनिटांचा विक्रम एकवीस वर्षे टिकला. १९८२ मध्ये ‘काँडोर ऑफ बर्म्युडा’ने ‘अपोलो’ला केवळ ७ सेकंदांनी मागे टाकले. १९९४ च्या पन्नासाव्या शर्यतीत तब्बल ३७१ नौका उतरल्या, एवढ्या ना त्याआधी उतरल्या होत्या ना त्यानंतर.

या भरभराटीत समुद्राने इशारे दिलेच नव्हते असे नाही. १९८४ मध्ये सुमारे दीडशे नौकांपैकी शंभरावर नौकांना माघार घ्यावी लागली. १९९३ मध्ये १०४ पैकी केवळ ३८ नौका होबार्टला पोहोचल्या. त्याच वर्षी ‘मेम’ या नौकेचे कप्तान जॉन क्विन यांचा सुरक्षापट्टा तुटला आणि ते बासच्या सामुद्रधुनीत रात्रीच्या वेळी पाण्यात फेकले गेले. सुमारे पाच तासांनी एका तेलवाहू जहाजावरील लोकांना ते दिसले आणि त्याच वादळात स्वतः मोडतोड झालेल्या ‘अतारा’ या नौकेने त्यांना वर घेतले. ते वाचले याचा आनंद इतका मोठा होता की त्यांना शोधायला पाच तास का लागले, हा प्रश्न त्यापुढे मागे पडला, असे मला वाटते.

आता १९९८ विषयी. त्या वर्षी ११५ नौका निघाल्या. शर्यत सुरू झाल्यानंतर थोड्याच वेळात हवामान खात्याने आपला इशारा वाढवून वादळाचा केला, पण तोवर नौका समुद्रात होत्या आणि त्या इशाऱ्याचा नेमका अर्थ अनेक नाविकांना उमगलाच नाही. दुसऱ्या दिवशी बासच्या सामुद्रधुनीजवळ कमी दाबाचे क्षेत्र कमालीच्या वेगाने तीव्र झाले आणि ताफ्याचा मोठा भाग नेमका त्यात सापडला. सहा खलाशी मृत्युमुखी पडले, पाच नौका बुडाल्या, ५५ जणांना हेलिकॉप्टर व जहाजांच्या साहाय्याने वाचवावे लागले आणि केवळ ४४ नौका होबार्टला पोहोचल्या. बुडालेल्या नौकांत ‘विन्स्टन चर्चिल’ होती, म्हणजे १९४५ च्या पहिल्या नऊ नौकांपैकी एक. तिच्यावरील नऊ जण दोन रबरी तराफ्यांवर उतरले. पाच जणांचा तराफा लाटांनी उलटून फाटला आणि त्यातले तिघे वाहून गेले. ‘बिझनेस पोस्ट नायड’वर दोघांचा अंत झाला. ब्रिटनचे ऑलिम्पिक खेळाडू ग्लिन चार्ल्स ‘सोर्ड ऑफ ओरायन’वरून समुद्रात फेकले गेले.

त्या वर्षीचा टॅटरसॉल चषक ‘मिडनाइट रॅम्बलर’ या ३५ फुटी नौकेला मिळाला. मागे वळल्यास लाटा पाठीवर घ्याव्या लागतील आणि ते अधिक धोक्याचे ठरेल, असा विचार करून तिच्या खलाशांनी वादळाला सामोरे जाणे पसंत केले. पहिली शर्यत आणि सर्वांत भीषण शर्यत, दोन्ही जवळपास सारख्याच आकाराच्या लहान नौकांनी पुढे जात राहून जिंकल्या. यावरून धाडस करणाराच जिंकतो असा निष्कर्ष काढणे मला चुकीचे वाटते, कारण तोच निर्णय घेतलेल्या इतर नौका त्याच पाण्यात मोडल्या. ‘मिडनाइट रॅम्बलर’च्या बाबतीत नौकेची मजबुती, सुकाणूवरील माणसाचे कसब आणि नशीब या तिन्ही गोष्टी जुळून आल्या.

न्यू साउथ वेल्सच्या कॉरोनरने, म्हणजे अपघाती मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, सविस्तर चौकशी करून डिसेंबर २००० मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांत संकटकाळात शर्यतीचे नियंत्रण सोडून दिल्याबद्दल आयोजक क्लबवर कठोर टीका होती, आणि तराफे, जीवरक्षक जाकिटे व हवामानाची माहिती पोहोचवण्याच्या पद्धतीतील उणिवाही दाखवल्या होत्या. शर्यत बंद का झाली नाही, याचे उत्तर मला येथे सापडते. नौकाशर्यतीच्या मूलभूत नियमांनुसार सुरुवात करायची की नाही आणि पुढे जायचे की नाही, याची जबाबदारी ज्या त्या नौकेची असते. हे तत्त्व १९९८ नंतर रद्द झाले नाही, मात्र त्याला आधार देणारी व्यवस्था उभी करण्यात आली. खलाशांपैकी ठरावीक जणांना समुद्रातील बचावाचे प्रशिक्षण आणि नौकेला आधीच्या लांब पल्ल्याच्या प्रवासाचा अनुभव बंधनकारक झाला. सुरक्षासामग्रीचे निकष कडक झाले. माझ्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक केलेला बदल ग्रीन केपचा आहे. बासच्या सामुद्रधुनीत शिरण्यापूर्वी या भूशिराजवळ प्रत्येक नौकेने रेडिओवरून कळवायचे असते की नौका, सामग्री आणि खलाशी पुढे जाण्याच्या स्थितीत आहेत आणि कप्तानाने हवामानाचा विचार केला आहे. वरवर पाहता ही केवळ एक घोषणा आहे, पण तिच्यामुळे कप्तानाला ऐन धावपळीत क्षणभर थांबून, सर्वांच्या कानांवर पडेल अशा रीतीने आपला निर्णय उच्चारावा लागतो आणि माघार घ्यायची असेल तर ती सन्मानाने घेण्याची जागाही मिळते.

दरम्यान वेग मात्र वाढतच गेला. १९९९ मध्ये ‘नोकिया’ने दोन दिवसांची मर्यादा मोडली. शंभर फुटांच्या ‘वाइल्ड ओट्स ११’ने नऊ वेळा लाईन ऑनर्स मिळवले. २०१७ मध्ये तीच सर्वांत आधी पोहोचली होती, पण सिडनी बंदरातच, डावीकडून वारा घेणाऱ्या नौकेने उजवीकडून वारा घेणाऱ्या नौकेला वाट द्यावी हा साधा नियम तिने मोडल्याचे ठरले आणि एका तासाचा दंड बसला. तिची आघाडी अर्ध्या तासाहूनही कमी होती. त्यामुळे मान ‘कोमांचे’ला गेला आणि १ दिवस, ९ तास, १५ मिनिटे, २४ सेकंद हा विक्रमही तिच्या नावे लागला.

कोविडमुळे २०२० मध्ये शर्यत इतिहासात प्रथमच रद्द झाली. २०२१ पासून केवळ दोन खलाशांनी चालवायच्या नौकांचा स्वतंत्र गट सुरू झाला आणि लहान नौकांना त्यामुळे नवी उमेद मिळाली. पण धोका संपलेला नाही. २०२४ मध्ये पहिल्याच रात्री दोन वेगवेगळ्या नौकांवर बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, आणि तो आवरणारा दोर यांच्या तडाख्याने दोन खलाशांचा मृत्यू झाला. त्याच रात्री तिसऱ्या एका नौकेवरून पाण्यात पडलेला खलाशी मात्र अंधारात बराच मागे राहूनही अंगावरच्या संकेतयंत्रामुळे वेळेत सापडला. १९९३ मध्ये जे काम पाच तासांनी आणि योगायोगाने झाले, ते आता उपकरणांच्या बळावर होते. शिडाच्या आडव्या दांड्याने एका क्षणात केलेला आघात मात्र कोणतेही उपकरण थांबवू शकत नाही, आणि पुढच्या सुधारणा याच दिशेने, म्हणजे डेकवर कोणी कुठे उभे राहायचे आणि जोरदार वाऱ्यात बूम कसा आवरायचा याच्या प्रशिक्षणात व्हायला हव्यात, असे माझे मत आहे.