दाजींची गाडी आणि तुमची एफडी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशिनिंगचं जॉबवर्क करणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. पुढच्या वर्षी चाळिशी पूर्ण होईल. त्यांचे दाजी पुण्यात असतात आणि जानेवारीत नोकरीसाठी सहकुटुंब परदेशी चालले आहेत. त्यांच्याकडे २०२१ ची बीएमडब्ल्यू एम३४०आय आहे, ४१ हजार किलोमीटर चाललेली. दाजी म्हणतात, "बाहेर ४५ जातील, तुला घरचा म्हणून ४० लाखाला देतो." वाचकांनी २० लाखांची एफडी मोडायची आणि २० लाखांचं कर्ज काढायचं असं ठरवत आणलं आहे. बायकोचा विरोध नाही, पण होकारही नाही. "घेऊ की नको, एवढंच सांगा," असं ते लिहितात.

या पद्धतीने घेऊ नका. आता का ते सांगतो, कारण नुसत्या नकाराने तुमची हौस जाणार नाही आणि ती जावी असं मलाही वाटत नाही. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा माना उंचावून बघणारं हे गाव आहे. चांगल्या गाडीची ओढ इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि साडेचार सेकंदांच्या आत शंभरचा वेग, हे लहानपणापासून मनात असेल तर त्यात चूक काहीच नाही.

आता तुम्हीच दिलेले आकडे घेऊ. कर भरून महिन्याला सरासरी २ लाख १० हजार हातात येतात. घराचा हप्ता ४६ हजार, घरखर्च आणि मुलांची शाळा ७० हजार, एसआयपी २५ हजार. उरतात ६९ हजार. जुन्या गाडीचं कर्ज १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी धरलं तर २० लाखांचा हप्ता जवळपास ४४,५०० येतो. इथवर तुमचा हिशोब बरोबर आहे. पुढचा खर्च तुम्ही धरलेलाच नाही.

ही गाडी मार्च २०२१ मध्ये ६२ लाख ९० हजारांना बाजारात आली, तीही एक्स-शोरूम. तुम्हाला ती ४० ला मिळेल, पण तिचे टायर, ब्रेक डिस्क, सस्पेन्शन, सेन्सर हे सगळं ६३ लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळणार. दाजी गाडीच्या किमतीत सूट देऊ शकतात, सांभाळण्याच्या खर्चात नाही. मी विम्याला वर्षाला सव्वा लाख धरतो. सर्व्हिस, टायर, ब्रेक आणि अचानक निघणारं काम मिळून दोन लाख. पेट्रोल म्हणाल तर वर्षाला १२ हजार किलोमीटर, लिटरला ९ किलोमीटर आणि १०५ रुपये दर धरला की १ लाख ४० हजार. महिन्याला झाले पावणेएकोणचाळीस हजार. हप्ता मिळवला की ८३ हजारांच्या वर. पेट्रोल काय, आत्ताच्या क्रेटालाही लागतंच, असं म्हणून ते बाजूला ठेवलं तरी साडेएकाहत्तर हजार होतात, आणि हातात आहेत ६९. म्हणजे पहिल्याच महिन्यात एसआयपीला हात लागणार.

त्याहून मला जास्त काळजी एफडीची वाटते. पत्रात तुम्ही तिला "पडून असलेले पैसे" म्हटलं आहे. जॉबवर्कच्या धंद्यात ते पडून नसतात. तुमचं पेमेंट ६० ते ९० दिवसांनी येतं, पण ऑपरेटरचा पगार, वीजबिल आणि टूलिंगचा खर्च महिन्याच्या महिन्याला जातो. एखादा मोठा गिऱ्हाईक दोन महिने अडकला की ही एफडीच शॉप चालू ठेवते. ती मोडून गाडी घेतली आणि नेमकं पेमेंट थांबलं, तर तुम्ही कॅश क्रेडिटमधून, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून घेतलेल्या उचलीतून, पगार कराल, म्हणजे अप्रत्यक्षपणे गाडी कॅश क्रेडिटवर घेतल्यासारखं होईल. आणि अडचणीत गाडी विकायला काढाल तेव्हा असली गाडी घेणारा कोल्हापुरात आठवड्यात सापडत नाही.

४५ लाखांच्या भावाबद्दल दाजी खोटं बोलत नाहीत, पण तो आकडा कधीचा हे विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या सेडानवरचा कर सेस धरून ४८ टक्के होता तो ४० वर आला. नवी गाडी उतरली की जुनीचा भावही उतरतो. पुण्यातल्या दोन डीलरकडून आजची लेखी किंमत घ्यायला सांगा. डीलरला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, घरच्या घरी होणाऱ्या व्यवहारात तो नाही. त्यामुळे डीलर दाजींना जे देईल त्यापेक्षा थोडं जास्त तुम्ही दिलंत तरी दोघांचाही फायदा राहतो. "घरचा भाव" ठरवायचा तर असा ठरवावा, जेवणाच्या ताटावर बसून नव्हे.

नात्यातल्या व्यवहाराची खरी अडचण मी अशिलांच्या बाबतीत बघितली आहे. २०१९ च्या महापुरानंतर एकांनी चुलतभावाकडून गाडी घ्यायची ठरवली आणि मला सोबत नेलं. गाडी धुऊनपुसून लखलखीत होती. मेकॅनिकने ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवली, गालिचा उचलला आणि सीटच्या रुळात बोट फिरवलं. बोटाला वाळलेला गाळ लागला, पिठासारखा बारीक. चुलतभाऊ शेजारीच उभा होता. अशिलाने मान खाली घातली आणि गाडी घेतली, कारण नाही म्हणायला जीभ रेटली नाही. पुढे वायरिंगची कामं निघत राहिली आणि ते कुणाला बोलूही शकले नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. म्हणून गाडी नात्यातली असली की तपासणी परक्याच्या गाडीपेक्षा कडक करावी, आणि ती त्रयस्थाने करावी, म्हणजे जो दोष निघेल तो तुम्ही काढलेला नसतो.

तुमच्या बाबतीत टायर जरूर बघा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. २३२१ असेल तर तो टायर २०२१ च्या २३ व्या आठवड्यातला. ४१ हजार चालून तेच टायर असतील तर चारही बदलायला आलेले समजा आणि तो खर्च किमतीतून वजा करा. कंपनीचं सर्व्हिस पॅकेज किंवा वाढीव वॉरंटी शिल्लक आहे का, ती नव्या मालकाच्या नावे होते का, हे लेखी घ्या. आणि तुम्ही नागाळा पार्कात राहता. २०१९ आणि २०२१ ला पाणी तुमच्या पार्किंगपर्यंत आलं होतं का? आलं असेल तर विम्यात इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनाच्या नुकसानीचं जादा संरक्षण, हवंच. पाण्यात अडकलेली गाडी चालू करताना इंजिनात पाणी ओढलं गेलं तर साधी पॉलिसी बहुधा ते नुकसान देत नाही.

दाजींनी सुचवलेलं "थोडे चेकने, थोडे रोख" हे मात्र अजिबात करू नका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, जेवढी रोख तेवढाच. म्हणजे अडचणीत तुमचे दाजी येतील. गाडी आधी वापरायला नेऊन कागद मागाहून करणंही नको. आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर अपघाताची नुकसानभरपाई येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, गाडीवर दाजींचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५, हे दाजी विमानात बसायच्या आधी व्हायला हवं. विमा १४ दिवसांत नावावर करा. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्यांचा त्यांच्याकडेच राहतो, तो तुमच्या हिशोबात धरू नका.

मग हौसेचं काय? या महिन्यापासून ६५ हजार वेगळ्या खात्यात टाकायला लागा, जणू गाडी दारात आहे. एसआयपी आणि एफडीला हात न लावता वर्षभर जमलं, तर ७ लाख ८० हजार साठतील आणि हा खर्च पेलतो की नाही हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही. तेव्हा क्रेटा विकून, त्या पैशांची भर घालून, २५ लाखांच्या आतली एखादी जोरकस गाडी बघू. मी स्वतः सोबत येईन. वहिनींनाही हे आकडे दाखवा. त्यांनी होकार दिला नाही, त्यामागे बहुतेक हीच बेरीज असावी.

दाजींना जानेवारीत जायचं आहे. चांगला भाव यायला त्यांच्याही हातात वेळ हवा. तुम्ही "बघतो, बघतो" म्हणत राहिलात तर शेवटच्या आठवड्यात त्यांना पडेल भावात विकावी लागेल आणि ते आक्काच्या मनात राहील. या रविवारी फोन करा. पैशाचं खरं कारण सांगा, आणि पुण्यातल्या डीलरकडे त्यांच्यासोबत जायची तयारी दाखवा.