विचारा की! : बर्फ नसलेल्या गावात आईस हॉकी

ताई, माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. कॅनडातल्या मावसभावाचा आईस हॉकीचा व्हिडिओ बघितला तेव्हापासून घरभर लाटणं घेऊन बरणीचं झाकण ढकलत फिरतोय. आपल्याकडं बर्फ म्हणजे गोळा, नाहीतर मासळी बाजारातली लादी. ह्याला शिकवायचं कुठं? ह्याचे बाबा म्हणतात सगळं किटच ऑनलाईन मागवूया. — एक आई, शहापूर (बेळगाव)

किट राहू दे हो आत्ता, बाबांना सांगा पैसे खिशातच ठेवा. बर्फाची रिंक, म्हणजे स्केटिंगचं बर्फाचं मैदान, आपल्या देशात मोजकीच, लडाखात हिवाळ्यात तळी गोठतात तिथं पोरं खेळतात, शिमल्याला आहे, डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधलेली आहे, म्हणजे बेळगावहून तिकडं जाणं ट्रिप म्हणून ठीक, रोजच्या क्लाससाठी कुठलं जमतंय. पण ह्या वयात शिकायचं असतं ते स्केटवर उभं राहणं, पडणं, वळणं, थांबणं, आणि स्केटिंगचं वेड बेळगावला जुनंच आहे, चाकांवर शिकवणारे गावात भेटतील. फक्त घेताना इनलाईन घ्या, म्हणजे एका ओळीत चाकं असलेले, त्याचा तोल बर्फाच्या पात्याला जवळचा. आणि हात जोडून सांगते, वाढत्या अंगाचे घेऊ नका! शाळेचा युनिफॉर्म घेतो तसं दोन नंबर मोठे स्केट घेतले की आत पाय हलतो, घोटा आतल्या बाजूला कलतो आणि पोरगं म्हणतं मला जमत नाही. टाच मागं घट्ट बसली पाहिजे, बोटं पुढं जेमतेम टेकली पाहिजेत. हेल्मेट, गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड, मनगटाचे गार्ड, एवढं झालं की पुष्कळ.

पहिल्या दिवशी काठी देऊच नका. गवतावर नाहीतर जुन्या सतरंजीवर स्केट घालून उभं करा आणि पडायला शिकवा. गुडघे वाकवून पुढं पॅडवर पडायचं, मागं नाही. उठताना एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढं, दोन्ही हात त्या पुढच्या गुडघ्यावर दाबून वर यायचं. तुम्ही हाताला धरून ओढू नका, कितीही जीव वर-खाली झाला तरी. एकदा स्वतः उठता आलं की पोराची भीती निम्मी जाते, आईची जायला जरा वेळ लागतो.

मग खेळ. दिवसभर 'सरळ जा, वळ, परत ये' करत बसलं तर सहा वर्षांचं पोर आठवड्यात कंटाळतं. त्यापेक्षा चाकांवर शिवाशिवी लावा, विषामृत लावा, स्टॅच्यू लावा. स्टॅच्यूत आपोआप ब्रेक शिकतात कारण थांबला नाही तर आऊट. आणि स्केट काढून घरात लंगडी खेळू द्या, एका पायावर घसरत जायला जो तोल लागतो तो तिथंच तयार होतो. एक मात्र ध्यानात असू दे, बर्फावर पातं आडवं करून बर्फ खरवडत थांबतात, चाकांवर टाचेचा ब्रेक असतो, त्यामुळं पुढं कधी रिंकवर नेलं तर थांबणं नव्यानं शिकावं लागेल, तेव्हा त्याला 'एवढं शिकलास आणि हे येत नाही?' म्हणू नका.

ताई, तरुणपणी मी मैदानावर हॉकी खेळलोय. १९६४ च्या टोकियोतल्या सुवर्णपदकवाल्या संघातल्या बंडू पाटलांच्या गावचे आम्ही. नात इनलाईन हॉकी शिकालीय. मी सांगतो डावा हात वर धर, ती उजवाच वर धरते. वळण लावू काय? — आजोबा, टिळकवाडी

आजोबा, ह्या एका बाबतीत नातीचं ऐका. तुमच्या हॉकीत काठीची एकच बाजू सपाट, बॉल त्याच बाजूनं मारायचा, म्हणून सगळ्यांचा डावा हात वर. ह्या खेळात काठीच्या पात्याच्या दोन्ही बाजू चालतात आणि काठ्या डाव्या-उजव्या दोन्ही मिळतात. काठी फिरवायचं काम वरचा हात करतो, म्हणून उजव्या हातानं लिहिणाऱ्या कितीतरी पोरांना उजवा वर सोपा जातो. जमिनीवर काठी ठेवून तिला सहज उचलायला सांगा, जशी उचलेल तशी तिची. लांबी बघायची तर स्केट घालून उभी केली की काठी हनुवटीपर्यंत यावी, अनवाणी असली तर नाकापर्यंत. आणि तुमच्यासारखं कंबरेत वाकून नाही खेळायचं, गुडघ्यात वाकायचं, मान वर.

मान वर ठेवायचा सराव मात्र तुम्हीच घ्या, तुमच्याइतका वेळ घरात कुणाला आहे? शहाबादी फरशीवर टेनिसचा बॉल द्या, ती इकडून तिकडं नुसता हलवत राहील, तुम्ही समोर खुर्चीत बसून बोटं दाखवा, तिनं बॉलकडं न बघता किती ते सांगायचं. चुकली तर आजोबांनी चॉकलेट खायचं, बरोबर आली तर तिनं. खरा पक, म्हणजे आईस हॉकीत बॉलच्या जागी असते ती चकती, घाईनं आणू नका. तो कडक रबराचा, ३ इंच रुंद, १ इंच जाड आणि १७० ग्रॅमच्या आसपास असतो, लहान मनगटांना जड जातो. परदेशातसुद्धा छोट्यांना हलका, निळ्या रंगाचा देतात.

मुलगी आठ वर्षांची, क्लासमध्ये एकटीच मुलगी. मॅचमध्ये बॉल मिळतच नाही, मोठी पोरं घेऊन पळतात, रडत घरी येते. धक्के पण लागतात. बंद करू का? — एक बाबा, निपाणी

बंद नको, मॅच बंद करा. बर्फाची पूर्ण रिंक ६० मीटर लांब असते, आणि एवढ्या जागेत आठ वर्षांच्या पोरांना सोडलं तर दोघं तिघं पळतात, बाकीची बघत उभी राहतात. म्हणून अमेरिकेत ८ वर्षांखालच्यांसाठी रिंकचे आडवे तुकडे करून एकाच वेळी दोन तीन खेळ लावतात. तुमच्या कोचना सांगा, प्लास्टिकचे उभे कोन लावून छोटा चौकोन करा, तीन विरुद्ध तीन, गोलकीपर नको, जोड्या ताकदीप्रमाणं. बॉल सारखा पायाशी येतो, लपायला जागाच नसते. धक्क्यांचं म्हणाल तर अंगावर जाऊन आदळायला अमेरिकेत २०११ पासून १२ वर्षांखालच्या खेळात बंदी आहे, मग निपाणीत आठ वर्षांच्या पोरीनं धक्के का खायचे? हे कोचना स्पष्ट विचारा, नुसतं 'खेळात होतंच' असं उत्तर आलं तर क्लास बदला. आणि एकटीच मुलगी आहे म्हणून कुणी काही बोललं तर त्यांना कळवा, भारताच्या मुलींनी २०२५ मध्ये आशिया कपात कांस्यपदक आणलंय, त्यातल्या बहुतेक लडाखच्या.

पावसाळ्यात प्रॅक्टिस कशी चालू ठेवायची? — खानापूर

ओल्या फरशीवर अजिबात नाही, चाकं सटकतात आणि बेअरिंगला गंज धरतो. मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल मिळाला तर उत्तम, फक्त फरशीवर चाकांचे काळे पट्टे उठतात का ते एका कोपऱ्यात आधी बघून घ्या. नाही मिळाला तर चार महिने पोहू दे, लंगडी-खोखो खेळू दे, काही बिघडत नाही. भिजलेच स्केट तर चाकं काढून पुसा, बेअरिंग सुकवून दोन थेंब तेल सोडा, खोबरेल मात्र नको.