इतिहास मागाहून

प्रिय बाय,

हस्तलिखित वाचून काढलं. पहिली चौदा पानं सात राजघराण्यांच्या वंशावळीत खर्ची पडलीत आणि तारी येतो तो पंधराव्या पानावर. भाड्यापोटी तो उतारूचं नाव ठेवून घेतो. पलीकडच्या काठावर ते पुन्हा उच्चारायचं नाही. तुझी नायिका होडीतून उतरते, धाकट्या भावाला हाक मारायला तोंड उघडते आणि तशीच थांबते. अगं, कादंबरी इथे सुरू होते!

आधी इतिहास सांगितलाच पाहिजे, हे खूळ सिनेमानं तुझ्या डोक्यात भरवलं असावं. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा २००१ सालचा पहिला चित्रपट अंगठीच्या जुन्या युद्धानं उघडतो. फौजा, चिलखतं, संगीत. बघणाऱ्याला पाठ काहीच करावं लागत नाही. टॉल्किनच्या १९५४च्या पुस्तकात मात्र हा इतिहास दुसऱ्या प्रकरणात येतो. जादूगार गॅन्डाल्फ अंगठी आगीत टाकतो, तिच्यावरची अक्षरं उजळतात आणि कथानायक फ्रोडोची पाचावर धारण बसलेली असताना तो सगळं सांगतो. (हॉबिटांवरची, म्हणजे फ्रोडोच्या बुटक्या जमातीवरची, लांबलचक प्रस्तावना आहे खरी, ती मी दर वेळी गाळतो.) पहिल्या प्रकरणातली वाढदिवसाची मेजवानी आणि फ्रोडोचं घर सोडणं यांच्यामध्ये पुस्तकात १७ वर्षं जातात. सिनेमानं ती गुंडाळली, आणि बरंच केलं.

संथपणाला माझी हरकत नाही. गोव्यात पेडण्याकडे दशावतारी काल्यात, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाटकात, गणपती येतो, सरस्वती येते, संकासुराचा धिंगाणा होतो, मग रात्र चढल्यावर आख्यान लागतं. कुणी कुरकुरत नाही, कारण संकासूर वेद चोरणार हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. तुझी सात राज्यं कुणाला ठाऊक आहेत? व्हिडिओ गेममध्ये खेळणारा धडपडत, मार खात नियम शिकतो. वाचकाच्या हातात फक्त तुझं वाक्य.

आपल्याकडे गाव राखणाऱ्या देवाची, राखणदाराची ओळख कुणी करून देतं का? त्याला रोटाचा नैवेद्य द्यायचा राहिलेला माणूस तिन्हीसांजेला वेशीवरून झपझप पाय उचलतो. बघणारा काय ते समजतो. तसं लिही. भावाला आता काय म्हणायचं, हा तिचा गोंधळ दोन-तीन पानं रेंगाळू दे, तिथे घाई नको. राजे लागतील तेव्हा येतील.

वंशावळी फाडू नकोस, पुढे तुलाच लागतील. नवं पहिलं प्रकरण चवथीआधी धाड. चवथीत घर पाहुण्यांनी भरतं, वाचन होत नाही.