गोल मोजू नका, गोलीवर काय आलं ते मोजा

ताई, हॉकीच्या ५ मॅचमध्ये ११ गोल खाल्ले म्हणून कोच तुमच्या १३ वर्षांच्या गोली (गोलकीपर) मुलाला बाहेर बसवायचं म्हणताहेत. पोरगं कच्चं आहे की पुढचा डिफेन्स फुटका, हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या ११ वरून ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. माझी मुलगी चार वर्षं गोलमध्ये उभी राहतेय आणि मी तेवढीच वर्षं लाइनबाहेर वही घेऊन, त्यावरून सांगतो.

पानावर डी, म्हणजे गोलसमोरचा अर्धवर्तुळाकार भाग, काढा. गोलवर आलेला प्रत्येक शॉट म्हणजे एक टिंब, जिथून मारला तिथे. गोल झाला की टिंबाभोवती वर्तुळ. पेनल्टी कॉर्नरचा (डिफेन्सच्या चुकीबद्दल गोलरेषेवरून बॉल आत देऊन मिळणारा फटका) असेल तर शेजारी ‘कॉ’. गोलीनं हात-पाय लावला नसता तर आत गेला असता, तोच शॉट धरायचा. बाहेर गेलेला किंवा डिफेंडरनं थांबवलेला नाही. पेनल्टी स्ट्रोक वेगळे लिहा. ६.४० मीटरवरून मोकळा मारलेला बॉल सुटला तर त्यात पोराचा काय दोष!

मग अडवलेले भागिले एकूण. इथे बरेच पालक चुकतात, दर मॅचची टक्केवारी काढून तिची सरासरी घेतात. समजा एका मॅचला ४ पैकी २ अडवले, म्हणजे ५० टक्के. दुसरीत १५ पैकी १२, म्हणजे ८०. सरासरी ६५ दिसते, पण खरे १९ पैकी १४ अडवलेत, जवळपास ७४ टक्के. आधी शॉट एकत्र करा, मग भागा. ४ शॉटच्या मॅचवरून तर मत बनवूच नका, एक बॉल इकडचा तिकडे झाला की २५ टक्के हलतात. मी ५०-६० शॉट जमेपर्यंत कॅल्क्युलेटरच काढत नाही.

इंटरनेटवर ‘९० टक्के सेव्ह’ वाचून घाबरू नका, ते आईस हॉकीचं. त्यांचा गोल १.८३ बाय १.२२ मीटर, आपला ३.६६ बाय २.१४. साडेतीन पट जागा झाकायची असते आपल्या लेकरांना.

टक्केवारीपेक्षा मला टिंबांनी जास्त शिकवलं. मी गोलचं चौकटचित्रही काढून बॉल कुठून आत गेला ते टिपायचो. एका मोसमात निम्म्याहून जास्त खुणा मुलीच्या उजव्या हाताला, स्टिकच्या बाजूला. मला वाटलं, स्टिक उशिरा खाली जाते. नागपूरला व्हीएचएच्या (विदर्भ हॉकी असोसिएशन) मैदानावर एका जुन्या गोलीला वही दाखवली. त्यांनी सुतळी मागवली, दोन्ही पोस्टना बांधली, मधून ताणून बॉलपाशी खुंटी ठोकली आणि तिला नेहमीसारखं उभं राहायला सांगितलं. दोन्ही दोऱ्यांच्या मधोमध असायला हवी होती, ती हातभर डावीकडे होती. स्टिक वेळेवरच जात होती हो, उभं राहणंच चुकत होतं.

आता माझी चूक. घरी येताना स्कूटरवर मी तिला आकडा सांगायचो, ‘आज ८३!’ दोन महिन्यांत तिनं पुढे येणं सोडलं. आधी एकटा फॉरवर्ड डीत घुसला की ती धावून जायची, तो गडबडून बाहेर मारायचा. पण बाहेर गेलेला बॉल माझ्या वहीत नव्हता. लाइनवर थांबून अडवलेला होता. पोरगी वहीसाठी खेळायला लागली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं ब्रिटनविरुद्धचं शूटआउट (बरोबरीनंतर एकटा फॉरवर्ड विरुद्ध एकटा गोली) आठवा. आपण ४-२ जिंकलो, त्यांचे दोन हुकले: एक आपला गोली श्रीजेशनं अडवला, एक बाहेर गेला. माझ्या जुन्या पद्धतीत त्या दुसऱ्याची किंमत शून्य. तेव्हापासून ‘शॉट होऊच दिला नाही किंवा बाहेर मारायला लावला’ असा एक रकाना आहे, आणि वही तिला दाखवत नाही.

अडवलेला बॉल पुन्हा समोर डीत पडला तर बाण काढा, बाजूला गेला तर नको. या वयात बरेच गोल दुसऱ्या फटक्यावर होतात, आणि हे सरावानं लवकर सुधारतं. मैदानही लिहा. मुरमावर उसळलेला बॉल आणि टर्फवरचा बॉल एकाच मापानं मोजणं अन्याय आहे.

कॉर्नरचे गोल वेगळे करून बघाच. पहिला फटका हिट (स्टिक फिरवून जोरात मारलेला) असेल तर तो गोलच्या तळाशी असलेल्या बॅकबोर्ड फळीच्या उंचीच्या, ४६० मिलिमीटरच्या, वर जाऊन चालत नाही, म्हणजे गोलीला खालीच पडायचं असतं. तिथे सारखे सुटत असतील तर पडण्याचा सराव हवा. पण त्या ११ पैकी बहुतेक मोकळ्या खेळात, अगदी सहा-सात पावलांवरून झाले असतील, तर फुटका डिफेन्सच, ते टिंबच कोचना दाखवा. फक्त प्रॅक्टिस संपल्यावर, बाकीचे पालक तर्री पोह्यांच्या ठेल्याकडे वळले की. चारचौघांत कुठलाच कोच ऐकत नाही.