कॉलम, बीम आणि सिंक जागचं हलणार नसेल तर २ लाखांत किचन नवं कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की बिल्डिंग १९८६ची आहे, किचन साधारण ७ बाय १० फूट, कोपऱ्यात कॉलम पुढे आलाय, खिडकीवर बीम, सिंक खिडकीखाली. हॉलमधली भिंत पाडू नका असं इंजिनिअरनी सांगितलंय. बजेट २ लाख, आणि डिझायनर ४ लाखांच्या खाली उतरत नाहीत.

आमचं किचन जवळपास असंच आहे. डोंबिवली, १९८४ची बिल्डिंग, दुसरा मजला, ७ फूट २ इंच बाय ९ फूट ८ इंच. २०२२च्या जानेवारीत काम काढलं आणि सगळं मिळून १,९५,००० रुपयांत झालं. मी व्यवसायाने यातली नाही, पण अडीच आठवडे रोज टेप हातात घेऊन उभी होते, त्यामुळे जे सांगतेय ते पाहिलेलं आणि मोजलेलं आहे.

आधी भिंतीचं बोलते, कारण तुमच्या प्रश्नात त्याची हळहळ दिसते. इंजिनिअरचं ऐका. आमच्याकडे पहिला जो ठेकेदार आला तो म्हणाला, "ताई, अर्ध्या विटेची भिंत आहे, आरसीसी बिल्डिंग आहे, दोन तासांत पाडतो." आरसीसीत वजन कॉलम-बीमवर असतं आणि मधल्या भिंती नुसत्या भरावाच्या असतात, हे खरंच. पण आमच्या किचनचा माळा, म्हणजे दोन फुटी काँक्रीटचा स्लॅब, त्याच भिंतीत रोवलेला होता. भिंत गेली असती तर माळ्याचा आधारच गेला असता. जुन्या घरांत हे सर्रास असतं आणि गिलाव्यामुळे बाहेरून कळत नाही. तुमची बिल्डिंग लोडबेअरिंग असेल तर प्रश्नच मिटला, तिथे भिंत हाच खांब. (हल्लीच्या मायवान, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या टॉवरमध्ये तर भिंती आख्ख्या काँक्रीटच्या असतात. तिथे पाडणं सोडा, वायरसाठी फोडणंही नको.) एक करा: सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा रिपोर्ट मागा. उपविधींप्रमाणे ३० वर्षांपुढच्या इमारतीचं ऑडिट दर ३ वर्षांनी व्हायला हवं. त्या रिपोर्टात तुमच्या फ्लॅटमधला कुठला कॉलम, कुठला बीम खराब आहे हे लिहिलेलं असतं. काम काढायला सोसायटीची लेखी परवानगी लागणारच आहे, त्याच अर्जात रिपोर्टही मागून घ्या.

भिंत राहिली म्हणून आमचं काही अडलं नाही. आम्ही किचनचं दार काढलं. अडीच फुटी दार उघडमिट करताना जवळपास ५ चौरस फूट जागा खातं, आणि एवढ्याशा किचनमध्ये तेवढ्यात फ्रिज उभा राहतो. चौकट तशीच ठेवली, बिजागरीच्या खाचा पुट्टीने भरल्या. खर्च नाहीच म्हणा ना.

आता खरं काम. आलेख कागदावर किचन काढा आणि जे हलणार नाही ते लाल पेनाने भरा: कॉलम, बीमची खालची कड, खिडकीची चौकट, सांडपाण्याचा पाईप जिथून बाहेर जातो ती जागा, गॅसची लाइन असेल तर ती. उरलेलं सगळं पेन्सिलने. डिझायनरचं चित्र रंगापासून आणि शटरपासून सुरू होतं, म्हणून ते ४ लाखांवर जातं. लाल रेघांपासून सुरुवात केलीत तर अर्धे निर्णय आपोआप होतात. मोजताना प्रत्येक भिंत खाली, कमरेशी आणि डोक्याच्या वर अशी तीनदा मोजा. आमची लांब भिंत खाली ९ फूट ८ इंच आणि वर ९ फूट ७ भरली. गवंड्याने कोपऱ्यात गुण्या लावून दाखवला, कोपरा काटकोनात नव्हताच. जुन्या घरात हे असायचंच. पण तयार मापाची कपाटं तिथे नीट बसत नाहीत, एका टोकाला फट राहते आणि ती झाकायला पुन्हा पट्टी, पुन्हा पैसे.

सिंक जिथे आहे तिथेच राहू द्या, हे मी अगदी हात जोडून सांगते. आम्हाला एका डिझायनरने सिंक दाराजवळच्या भिंतीला न्यायला सांगितलं होतं, ९ फूट लांब. सांडपाण्याच्या पाईपला फुटाला पाव इंच तरी ढाळ लागतो. म्हणजे ९ फुटांना सव्वादोन इंच, त्यात दोन इंची पाईप, त्यावर माल आणि टाइल. किचनची फरशी ५ इंच वर उचलावी लागली असती, आणि दारात पायरी झाली असती. घरात सासूबाईंचे गुडघे दुखतात. तिथेच तो विषय संपवला. हलवायची असेल तर शेगडी हलवा. आमच्याकडे सिलेंडर आहे, त्यामुळे शेगडी खिडकीच्या बाजूने काढून लांब भिंतीला नेली, फक्त नळी आणि सिलेंडरची जागा बदलली. आधी सिंक आणि शेगडी यांत एक फूट अंतर होतं, पोळपाट ठेवायचा तर सिंकच्या कडेवर अधांतरी. आता सलग अडीच फूट मोकळा ओटा मिळाला, आणि वाऱ्याने गॅस फडफडायचाही थांबला. तुमच्याकडे पाईपचा गॅस असेल तर मात्र लाइन हलवायचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या, प्लंबरला हात लावू देऊ नका. आणखी एक. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलेंडरच्या शटरला खालच्या बाजूला जाळी हवी. पाईपचा गॅस हलका, त्याला वरून वाट हवी.

काम सुरू करण्याआधी खालच्या मजल्यावर जा आणि त्यांच्या किचनचं छत बघा. मी सहज चहाला म्हणून गेले आणि बरोबर आमच्या सिंकखाली परातीएवढा पिवळा डाग दिसला. काकू म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, तुम्हाला कसं सांगायचं म्हणून राहिलं." वर आमच्याकडे फरशी कोरडी ठणठणीत. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या कडेचा माल सुटला होता. हे न पाहता वरून ओटा आणि ट्रॉल्या बसवल्या असत्या तर वर्षभरात सगळं उखडायची वेळ आली असती. म्हणून सगळ्यात आधी पैसे तिथे घातले: सिंकच्या बाजूची ४ फूट फरशी फोडली, ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग केलं, दोन दिवस पाणी भरून ठेवलं, पुन्हा काकूंकडे जाऊन छत पाहिलं. पाण्याचे जुने जीआय (लोखंडी) पाईप आतून गंजून पेन्सिलीएवढे अरुंद झाले होते, ते सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) केले. गिलावा करायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, पाईपशेजारी टेप धरून. पुढच्या वर्षी खिळा ठोकताना तो फोटो तुम्हाला वाचवेल.

कॉलमचं सांगते, कारण तुम्ही त्याच्यामुळेच सगळ्यात वैतागलेले दिसता. आमचा कॉलम हॉलच्या भिंतीपासून ९ इंच पुढे आलेला आहे. डिझायनरने त्याला झाकणारं दोन फुटी उंच कपाट काढलं होतं. हिशेब करा: ८६ इंच रुंदी, त्यातून ओट्याचे २४ आणि कपाटाचे २४ गेले की उरतात ३८ इंच. दोघी एका वेळी उभ्या राहिलो की एकीने बाहेर जायचं. आम्ही कॉलमची खोली हेच माप धरलं आणि कॉलमपासून दारापर्यंत साडेचार फूट लांब, फक्त ९ इंच खोल मांडणी केली, खालपासून बीमपर्यंत. आता ५३ इंच मोकळे राहतात. आणि ९ इंचांत डब्यांची एकच रांग बसते. मागे काही लपतच नाही. मोहरी, जिरं, साबुदाणा, भाजणी, सगळं एका नजरेत दिसतं. पूर्वी डाळीच्या डब्यामागे गेलेलं काही दिवाळीच्या साफसफाईलाच सापडायचं. तांदळाचा मोठा डबा तेवढा तिथे मावला नाही, तो ओट्याखाली गेला. कॉलम आता मांडणीच्या रेषेत येतो आणि भिंतीचाच भाग वाटतो.

पण त्या कॉलममध्ये स्विचबोर्डासाठी, वायरसाठी छिन्नी मारू देऊ नका. सळईवर जेमतेम दीड इंच काँक्रीट असतं. ते कापलं की किचनमधली वाफ सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंजून फुगते आणि कॉलमला चीर जाते. आम्ही तिथे वरून कॅसिंग-पट्टी लावली, प्लास्टिकची, वायर तिच्या आतून जाते. दिसते, पण चालतं.

बीमचंही तेच. चिमणीचा पाईप ६ इंची. तो बाहेर काढायला बीमला भोक पाडू असं मशीनवाला अगदी सहज म्हणाला, मी त्याला त्याच दिवशी परत पाठवलं. खिडकीच्या वरच्या झडपेची काच काढून तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा बसवला आणि त्यातून पाईप नेला. लांबी चार फूट, वळण एकच. वळणं जितकी जास्त तितका चिमणीचा ओढा कमी होतो, म्हणून शेगडीची जागा ठरवतानाच हा रस्ता कागदावर काढा.

ओट्याखाली प्लायचे खोके करूच नका. दोन लाखांत बसायचं असेल तर बचत इथे आहे. उभे कडप्पे लावा, वर ग्रॅनाइट, मध्ये स्टीलच्या ट्रॉल्या आणि पुढे फक्त शटर. कडप्प्याला पाणी लागलं तरी तो फुगत नाही, वाळवी लागत नाही, झुरळांना लपायला सांधे कमी. शटरला मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा), आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का पाहून. ट्रॉल्या कुठल्या मापाच्या घेणार ते आधी ठरवा आणि मग कडप्पे उभे करा, आणि दोन कडप्प्यांमधलं अंतर वर-खाली दोन्हीकडे मोजा. आमचा एक कडप्पा खाली अर्धा इंच आत होता. ट्रॉली वर सरकायची आणि तळाला घासायची. माल ओला होता म्हणून त्याच संध्याकाळी तो ओळंब्यात घेता आला.

ओट्याची उंची कॅटलॉगमधून घेऊ नका. जास्त वेळ जी व्यक्ती उभी राहते तिने हात कोपरात वाकवून उभं राहायचं, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं आणि ४ इंच वजा करायचे. सासूबाईंचे ३३ आले, माझे ३६. शेगडी आणखी ४-५ इंच उंच असते, मोठ्या पातेल्यात ढवळायचं तर ३६वर त्यांचे खांदे भरून आले असते. ३३ केला. मी जाड लाकडी पाट घेऊन त्यावर चिरते. ओटा वाढवण्याआधी खिडकीची चौकट बघा: आमच्याकडे ओटा आणि चौकटीत तीनच इंच उरले आणि खिडकी आत उघडते. सिंकमागे उंच मानेचा नळ लावला असता तर खिडकी कधी उघडलीच नसती. नळ बाजूच्या भिंतीतून काढला.

खर्च असा झाला: प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग ३१,०००, वायरिंग २२,०००, ओटा, सिंक आणि गवंडीकाम ३८,०००, टाइल्स २४,०००, ट्रॉल्या, शटर आणि मांडणी ५८,०००, चिमणी १३,०००, डेब्रिज (राडारोडा) उचलणं आणि किरकोळ ९,०००. हे २०२२चे दर, त्यामुळे आकड्यांपेक्षा वाटणी बघा. टाइल्समध्ये वाचले ते अशा तऱ्हेने, की ओट्यावरच्या भिंतीच्या जुन्या टाइल्स (डॅडो) नाण्याने वाजवून पाहिल्या, ज्या बद्द वाजल्या तेवढ्याच काढल्या आणि बाकीच्यांवर चिकटवणी लावून नवीन बसवल्या. तोडफोड कमी, पोती कमी. वायरिंगमध्ये मात्र काटकसर नको. मिक्सर, ओव्हन, फ्रिज एका जुन्या वायरवर चालवू नका. १६ अँपिअरच्या सॉकेटला ४ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर ओढा आणि आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायची वेळ आली की वीज तोडणारा स्विच, बसवून घ्या.

गणपतीच्या महिनाभर आधी काम काढू नका, आमच्याकडचे सुतार-गवंडी कोकणात जातात ते परत कधी येतील सांगता येत नाही. पावसात गिलावा वाळत नाही. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस चांगले. तोवर कॉलम किती इंच पुढे आहे, बीमची खालची कड फरशीपासून किती उंच आहे आणि खिडकी आत उघडते की सरकते, ही तीन मापं इथे लिहा. मी आमचा आलेख कागद काढून तुमच्या मापांवर बसवून बघते.