दातातील सिमेंट निळ्या दिव्याखाली घट्ट कसे होते?

प्रश्न : दाढेतील पोकळी भरताना डॉक्टरांनी मऊ लगद्यावर काही सेकंद निळा दिवा धरला आणि तो दगडासारखा घट्ट झाला. दिव्याच्या उष्णतेने तो वाळतो का?

उत्तर : नाही, येथे काहीही वाळत नाही; रेणू एकमेकांना जोडले जातात. लगद्यात बारीक काचकणांभोवती ‘बिस-जीएमए’सारखे रेणू असतात, आणि त्यांच्या दोन्ही टोकांना दुहेरी बंध (उघडून शेजारच्या रेणूशी जुळू शकणारे कार्बनमधील दुवे) असल्यामुळे नुसती साखळी न होता चहूबाजूंनी विणलेली जाळी तयार होते. हे विणकाम सुरू करणारा कॅम्फरक्विनोन हा रेणू आपल्या देवघरातील कापरापासून बनवता येतो. कापूर पांढरा दिसतो, कारण तो दृश्य प्रकाश शोषत नाही. मात्र त्याच्या कार्बोनिल गटाला (ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेल्या कार्बनला) लागून दुसरा कार्बोनिल गट बसवला की रेणू पिवळा होतो आणि सुमारे ४६८ नॅनोमीटरचा निळा प्रकाश टिपू लागतो. एवढ्याशा बदलाने रेणूचा स्वभाव पालटावा, हे मला विलक्षण सुंदर वाटते. उत्तेजित झालेला हा रेणू लगद्यातील सोबतच्या अमाइनकडून (नायट्रोजन असलेल्या रेणूकडून) हायड्रोजन ओढून घेतो आणि त्यातून निर्माण झालेला अमाइनचा मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला, म्हणून फार क्रियाशील तुकडा) एकेक दुहेरी बंध उघडू लागतो. प्रकाश फार खोल पोचत नसल्याने डॉक्टर साधारण २ मिलिमीटरचे थर देतात. प्रत्येक थराचा पृष्ठभाग हवेतील ऑक्सिजनमुळे किंचित चिकट राहतो, आणि पुढचा थर त्यालाच धरून बसतो.