एमजीबी रोडस्टर या जुन्या उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या समोरच्या काचेची फ्रेम परत बसवतोय. खालचं नवं रबर लावल्यावर पिलरच्या (फ्रेमच्या बाजूच्या उभ्या खांबांच्या) बोल्टची भोकं जुळत नाहीत. रबर थोडं कापू का?

कापू नका. मी एकदा कापलं होतं. भोकं लगेच जुळली, आणि पहिल्याच पावसात पाय ओले झाले.

तुमचं रबर चुकीचं आलेलं नाही. १९६२ ते १९८० एवढा काळ ही गाडी निघाली आणि रोडस्टरची काच बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने या जागी डोकं धरलंय. फ्रेमच्या दोन्ही पिलरचे पाय पत्र्यातल्या खाचेतून खाली उतरतात आणि डॅशबोर्डच्या टोकांमागे प्रत्येकी दोन बोल्टांनी धरले जातात. हे बोल्ट आडवे जातात. म्हणजे ते कितीही आवळले तरी फ्रेम खाली ओढली जाणार नाही. खाली दाबायचं काम आधी, वेगळं करायचं. बोल्टने फक्त धरून ठेवायचं. नवं रबर ताठ असतं, ते फ्रेमला वर उचलून धरतं, आणि तुम्हाला भोकाच्या जागी अर्धचंद्र दिसतो.

मी आता असं करतो. रबर गरम पाण्यात ठेवायचं, चांगलं मऊ झालं की साबणाचं पाणी लावून खालच्या पट्टीच्या खोबणीत सरकवायचं. रबराच्या पुढच्या ओठाखाली एक जाड सुतळी घालून तिची दोन्ही टोकं बाहेर ठेवायची. फ्रेम खाचांत उतरवायची आणि तशीच रात्रभर दाबाखाली ठेवायची. त्यासाठी दोन्ही पिलरवरून रॅचेटचे (दातेरी कळीने आवळायचे) पट्टे घेऊन गाडीखाली बांधतो. पट्टा पिलरच्या रेषेतच हवा. वरच्या पट्टीच्या मधोमध बांधलात तर सगळा भार काचेवर येतो. घाई करू नका, दर थोड्या वेळाने दोन्हीकडे एकेक दात आवळायचा. सकाळपर्यंत रबर बसलेलं असतं. मग भोकातून निमुळती सळई घालून पाय जरा हलवला की बोल्ट बोटांनी आत जातो. बोटांनी जात नसेल तर पाना लावायचाच नाही. तिरका शिरलेला बोल्ट आटे खातो, आणि तिथे परत टॅप मारायला, म्हणजे आटे पुन्हा कापायला, हात पोचत नाही.

बोल्ट हरवले असतील तर डब्यातला मिलिमीटरचा कुठलातरी उचलू नका. या गाड्यांवर बहुतेक ठिकाणी यूएनएफ, म्हणजे इंचाच्या मापाचे बारीक आटे आहेत. ५/१६ इंच यूएनएफला इंचाला २४ आटे, तर साध्या एम८ ला (८ मिलिमीटरच्या बोल्टला) साधारण २०. जाडी जवळजवळ सारखी असल्याने एम८ एक-दोन फेरे आत जातो आणि आपल्याला वाटतं, बसला. मग अडकतो, आणि आपण जोर लावतो.

आता जिथे काचा फुटतात ती जागा. गाडी उघडताना पिलरच्या पायाच्या बाजूला पातळ चकत्या निघाल्या होत्या का? ते पॅकिंग आहे, फेकलं असेल तर नवं करून घ्या. पाय आणि बॉडी यांच्यात फट ठेवून बोल्ट आवळला, तर बोल्ट पिलरला बाजूला खेचतो, फ्रेम किंचित मुरडते आणि काच कोपऱ्यातून जाते. माझी अशी गेलीये, अगदी शेवटच्या पाव फेऱ्यात. आवाजसुद्धा फार नव्हता, नुसतं ‘टक्’. म्हणून आधी चारही बोल्ट सैल ठेवा, दारं लावा, दाराच्या पुढच्या छोट्या काचेची कड पिलरला समांतर आहे का बघा, हूड (कापडी छत) ओढून त्याची पुढची पट्टी बसते का तेही बघा. मग फट मोजून तेवढंच पॅकिंग भरा आणि दोन्ही बाजू आलटून पालटून आवळा. मधला उभा दांडा, ज्यावर आरसा असतो, तो सगळ्यात शेवटी. त्याने वरची पट्टी खाली ओढायची नाही, हलू नये इतकाच घट्ट.

फ्रेम ॲल्युमिनियमची आणि स्क्रू स्टीलचे, त्यामुळे जुन्या फ्रेममध्ये पांढरी भुकटी धरून स्क्रू चिकटतात. परत बसवताना आट्यांना अँटीसीझ (आटे चिकटू नयेत म्हणून लावायचं वंगण) लावा. स्टेनलेसचे घेतलेत तरी लावा, ॲल्युमिनियमशी तेही भांडतातच.

शेवटी सुतळी एका टोकाने हळू ओढा, म्हणजे दुमडलेला ओठ पत्र्यावर बाहेर येतो. आणि डॅशबोर्ड परत चढवायच्या आधी पाण्याची नळी मारून बघा. गळती बहुतेक पिलरच्या बुडाशी निघते, आणि तिथे हात घालायला जागा आत्ताच आहे.